माहेरच्या नावानं शोधाल तर सापडणार नाही: एका वाचनालयातल्या जुन्या पेपरच्या खोलीबद्दल

मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावातलं जुनं सार्वजनिक वाचनालय, ‘अ’ वर्गाचं. खाली मोफत वाचन कक्ष, त्यात स्पर्धा परीक्षेची पोरं खच्चून बसलेली. वरच्या मजल्यावर मागच्या बाजूला जुन्या वृत्तपत्रांची खोली आहे, तिच्याबद्दल हे लिहिते आहे. वाचनालयाचं नाव देत नाही, कारण ग्रंथपाल मॅडमनीच तशी विनंती केली. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून लोक जुन्या कागदांसाठी कुठूनकुठून येतात आणि त्या फायलींचा कागद आता फार हात सोसत नाही. पण अशा खोल्या आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या वाचनालयांत आहेत, त्यामुळे तुमच्या गावातही हे उपयोगी पडेल.

निकाल आधीच सांगते. माणसं पाचपैकी पाच. सोय पाचपैकी अडीच. आणि जे मिळालं त्याला मी गुण देऊ शकत नाही, कारण आमच्या घरातली एक बाई मला तिथं सापडली.

आमची जमीन अंबाजोगाई तालुक्यात. पणजोबा 1961 ला वारले. 1956 चा हिंदू वारसा कायदा तेव्हा लागू झालेला होता, म्हणून तलाठ्यानं वारसांच्या फेरफारात दोन मुलांच्या नावांखाली मुलीचंही नाव चढवलं: गोदावरी. नुसतं तेवढंच. पुढे बापाचं नाव, पण नवऱ्याचं नाव नाही, गाव नाही. माझे वडील त्यांना गोदाआत्या म्हणायचे, म्हणून आम्हीही तेच म्हणतो. ‘जालन्याकडं दिली होती’ एवढंच घरात सगळ्यांना माहीत. आजोबा गेल्यावर येणंजाणं बंद पडलं आणि त्या पिढीतलं आता कोणी राहिलं नाही.

आता आमच्या पिढीत वाटणीपत्र करायचं निघालं आणि सातबाऱ्यावरचं ते नाव आडवं आलं. भाऊबंदांपैकी काहींनी सोपा उपाय काढला: मयत, निपुत्रिक, असं प्रतिज्ञापत्र करून द्यायचं, दोन साक्षीदार उभे करायचे. मला ते पटलं नाही. जिचं बाळंतपण कुठं झालं, लेकरं किती, हेसुद्धा आपल्याला माहीत नाही, तिला आपण स्टँपपेपरवर वांझ ठरवायचं? मी सही करणार नाही म्हणाले. चुलते म्हणाले, “कशाला उकरून काढायलीस?” पण सही केली नाही.

वाचनालयाआधी बाकीचे दरवाजे ठोठावून झाले होते. त्र्यंबकेश्वरला आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत घराण्याची नावं छान निघाली, पणजोबांच्या आधीच्या पिढ्याही निघाल्या, पण त्यात मुलगे आणि सुना. मुलगी लग्न करून गेली की ती सासरच्या उपाध्यायाच्या वहीत, आणि ते सासर कोणतं हेच तर शोधायचं होतं. वंशावळ काढून देणाऱ्या एका ऑनलाइन सेवेला पैसे भरले, तिचं नाव लिहीत नाही. त्यांनी रंगीत झाड छापून पाठवलं. त्यात प्रत्येक पुरुषाचं नाव होतं आणि पणजोबांच्या खाली ‘मुलगी – 1’. एवढं तर मीच त्यांना सांगितलं होतं.

शिवाय आमच्याकडं लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरदेव अंगठीनं नवं नाव लिहितो, त्या घटकेपासून आडनाव, मधलं नाव आणि स्वतःचं नाव, तिन्ही गेली. तेव्हा सासरी तिला ‘गोदावरी’ म्हणून कोणी हाक मारली असेलच असं नाही. कागदात तिला शोधायचं कुठून?

वाचनालयात अर्ज द्यावा लागतो. साध्या कागदावर, कशासाठी हवं ते लिहून, आधार कार्डाची झेरॉक्स जोडून. बाहेरच्या माणसाला दिवसाला वीस रुपये. एका वेळी एकच फाइल मिळते, ती परत केल्यावर दुसरी. फायली म्हणजे महिन्या-दोन महिन्यांचे अंक शिवून पुठ्ठ्यात बांधलेले, खाकी कापडाची पाठ. ‘मराठवाडा’चे अंक सगळ्यात जास्त, नांदेडच्या ‘प्रजावाणी’चे काही, आणि 1982 ला औरंगाबादहून निघायला लागल्यापासूनचा ‘लोकमत’. 1948 च्या पोलीस कारवाईच्या, म्हणजे निजामाचं राज्य संपण्याच्या आधीचं जवळपास काही नाही, आणि त्यात वाचनालयाचा दोष नाही. निजामाच्या राज्यात मराठी पत्र चालवणं हीच लढाई होती. 1938 ला आ. कृ. वाघमाऱ्यांनी सुरू केलेल्या ‘मराठवाडा’वर बंदी आली की तोच मजकूर वेगळ्या नावाखाली काढावा लागायचा. अशा पेपरात कोणाच्या लग्नाच्या नि मरणाच्या बातम्या शोधायच्या? त्या काळासाठी घरातले मोडी आणि उर्दू कागदच बघावे लागतात, आणि त्यांच्यावर फसली सन असतो. त्यात 590 मिळवले की इसवी सन येतो, फसली 1357 म्हणजे 1947-48. हे लक्षात ठेवा, फार गोंधळ वाचतो.

फायली काढून देणारे एक मामा आहेत. शिपाई म्हणून लागले, आता निवृत्तीला आलेत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी विचारलं, “काय शोधायलात ताई?” मी म्हणाले, आजोबांची बहीण, गोदावरी नावाची. ते म्हणाले, “बाईच्या नावानं नका शोधू. बाईला भाऊ किती होते ते सांगा.”

या एका वाक्यासाठी मी त्या वाचनालयाची कायमची ऋणी आहे. जुन्या निधनवार्ता तुम्ही वाचल्या असतील: ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, तीन मुली, सुना, नातवंडे असा परिवार आहे.’ मुली इथं मोजलेल्या असतात, नावानं नसतात. पण त्याच्या पुढची ओळ बघायची. ‘येथील अमुक यांचे ते सासरे होत’, ‘तमुक यांचे ते मेहुणे होत.’ गावात वजन असलेला जावई बातमीत नावानं येतो, आणि त्या जावयाच्या मागं मुलगी उभी असते. म्हणून बाईचा बाप, भाऊ, चुलतभाऊ, मामा यांच्यापैकी पेपरात येण्याइतकं मोठं कोण झालं, ते आधी घरी बसून ठरवायचं आणि त्याच्या मरणाचं साल शोधून मग वाचनालयात जायचं.

आमच्याकडं असा एकच माणूस होता. आजोबांचे चुलतभाऊ, वकील, मुक्तिसंग्रामात तुरुंगवास भोगलेले. ते 1974 च्या उन्हाळ्यात गेले हे वडिलांच्या डायरीत होतं. त्या महिन्यांची फाइल मामांनी काढून दिली. बातमी आतल्या पानावर होती, दोन कॉलमी, फोटोसकट. त्यांचं शिक्षण, तुरुंग, वकिली, सगळं झाल्यावर शेवटची ओळ: परतूर येथील एका आडत व्यापाऱ्याचं नाव, आणि ‘यांचे ते मेहुणे होत’.

आता मेहुणा बायकोचा भाऊही असतो आणि बहिणीचा नवराही. वकील आजोबांच्या सूनबाई हयात आहेत, त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, सासूबाईंना भाऊच नव्हता, एकुलत्या होत्या त्या. वकील आजोबांना सख्खी बहीणही नव्हती. मग उरली चुलतबहीण. माझी छाती धडधडायला लागली होती हे खरं सांगते.

आणि परतूर. आम्ही सगळे जालना जालना करत होतो, पण जालना जिल्हा झाला 1 मे 1981 ला. त्याआधी परतूर तालुका परभणी जिल्ह्यात होता. जुन्या नोटिशीत ‘रा. परतूर, जि. परभणी’ असंच छापलेलं असणार. मराठवाड्यात शोधणाऱ्यानं हे पाठच करावं: लातूर 1982 पर्यंत उस्मानाबादेत, हिंगोली 1999 पर्यंत परभणीत, आणि निजामाच्या काळातल्या कागदात अंबाजोगाई नसते, मोमिनाबाद असते.

आडनाव आणि गाव हातात आल्यावर मामांनी निधनवार्ता सोडायला सांगितल्या आणि ‘जाहीर नोटीस’ बघायला लावल्या. ही दुसरी शिकवण. मरणाच्या बातमीत बाई मोजली तरी चालते, पण जमिनीच्या किंवा घराच्या व्यवहारात तिची सही लागते, म्हणून तिथं तिचं नाव छापावंच लागतं. खरेदी घेणाऱ्याचा वकील सगळ्या वारसांची यादी देतो. आणि आपल्या मराठवाड्यातली लिहिण्याची रीत तर शोधणाऱ्यासाठी फारच सोयीची आहे. मुलाच्या नावापुढे ‘पि.’ म्हणजे पिता, आणि बाईच्या नावापुढे ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार, नवरा. पश्चिम महाराष्ट्रातल्या कागदात याच जागी ‘बिन’ आणि ‘कोम’ दिसतं. ‘जौजे’ दिसलं तरी ती बायकोच.

1978 च्या एका फायलीत परतूरच्या मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, दुकानाच्या खरेदीची नोटीस सापडली. तो आडत व्यापारी तोपर्यंत मयत झालेला. वारसांत पहिलं नाव विधवेचं: सरस्वतीबाई भ्र. आणि त्याचं नाव. वयाचा आकडा अस्पष्ट, पुढे धंदा घरकाम. खाली दोन मुलगे आणि एक मुलगी, मुलीच्या नावापुढे तिचा भ्र. आणि तिचं गाव.

सरस्वतीबाई म्हणजेच गोदाआत्या का? त्याची दुसरी बायकोही असू शकते. मी तिथंच थांबले असते. मामा म्हणाले, ह्या नोटिशीनंतरचं एक वर्ष तरी बघा, एक व्यवहार निघाला की घरातले बाकीचे कागद बाहेर पडतात.

ती 1979 च्या फायलीत सापडली. पान शेवटून दुसरं, उजव्या कोपऱ्यात खाली, एका सिनेमाच्या जाहिरातीच्या पायाशी. दोन बोटं उंचीची, एका कॉलमाची, भोवती काळी चौकट. मथळा ‘जाहीर प्रगटन’. खिळ्यांची छपाई, त्यात ‘र’ कुठं कुठं उठलेलाच नाही. मजकूर एकाच लांब वाक्यात: सरस्वतीबाई भ्र. अमुक, राहणार परतूर, जिल्हा परभणी, यांचे माहेरचे नाव गोदावरी पि. – आणि पुढे माझ्या पणजोबांचं पूर्ण नाव – असून दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, आमच्या गावचं नाव, तालुका अंबाजोगाई, जिल्हा बीड, आणि सर्व्हे नंबर. तो सर्व्हे नंबर मला तोंडपाठ आहे, आमच्या विहिरीच्या शेताचा. कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत वकिलांना लेखी कळवावे.

म्हणजे गोदाआत्यानं स्वतः, नवरा गेल्यावर, माहेरच्या जमिनीवरचं आपलं नाव आणि सासरचं नाव जोडायला वकील केला होता. पैसे भरून पेपरात छापलं होतं. आमच्या घरी तो पेपर येत असे, वडिलांच्या डायरीत त्याच्या बिलाची नोंद आहे. कोणी वाचलं की नाही ते मला कधीच कळणार नाही. पण फेरफार काही झाला नाही, सातबाऱ्यावर ती ‘गोदावरी’च राहिली, आणि आमच्या घरात याबद्दल कधी कोणी एक शब्द बोललं नाही. जिला आम्ही निपुत्रिक लिहायला निघालो होतो तिनं आपला पत्ता छापून ठेवला होता. याचा राग मला अजून येतो.

मामांनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि फाइल परत घ्यायची घाई केली नाही.

आता त्रासाचं. फोटो काढायला वेगळा अर्ज लागतो आणि त्यावर सचिवांची सही, ते रोज येत नाहीत. झेरॉक्स मिळत नाही. नियम योग्यच आहे, बांधलेली फाइल यंत्रावर उलटी दाबली की पाठ तुटते. पण मग वाचनालयानं स्वतः एक कॅमेऱ्याचा स्टँड ठेवायला काय हरकत आहे? सूची नाही, कसलीच. कोणत्या फायली आहेत याची यादी एका वहीत आहे आणि तीही अर्धवट. मामा निवृत्त झाले की ती माहिती त्यांच्याबरोबर जाईल, हे मी अभिप्राय वहीत लिहून आले आणि इथंही लिहिते. काही महिने वाळवीनं खाल्लेत. शब्दकोडी कापून नेलेली पानं तर पुष्कळ, आणि कोड्याच्या मागच्या बाजूला नोटिसा असतात हे कापणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसेल. ट्यूबलाइट एकच. दुपारी लाइट गेली की खिडकीपाशी सरकायचं. जिना अरुंद आहे, गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी सोबत कोणाला तरी न्यावं. बायकांसाठी स्वच्छतागृह खालच्या मजल्यावर, किल्ली ग्रंथपाल मॅडमकडे.

वेळही हाताशी ठेवून जा, कारण मन भरकटतं. 1972-73 च्या दुष्काळातल्या पानांवर खडी फोडणाऱ्या बायकांचे फोटो आणि सुकडीच्या वाटपाच्या बातम्या आहेत, त्या ओलांडून नुसत्या नोटिसा बघणं मला जमलं नाही. 1978 च्या ऑगस्टचे अंक, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतरच्या दंगलींचे, मी वाचले आणि त्या दिवशी दुसरं काही शोधलं नाही. ते वाचायलाच हवेत असं माझं मत आहे.

धरणांच्या भूसंपादनाच्या नोटिसाही बघा. जायकवाडी, माजलगाव यांच्यात ज्यांची गावं गेली त्यांच्या खातेदारांच्या याद्यांत बायका नावानिशी येतात. अलीकडच्या पिढीसाठी महाराष्ट्र शासन राजपत्राचा भाग दोन आहे, लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं जुनं आणि नवं नाव तिथं शेजारी शेजारी छापलेलं असतं. आणि पुण्यस्मरणाच्या जाहिराती सोडू नका, तिथं खाली ‘शोकाकुल’ म्हणून जी नावं असतात त्यात लेकी-जावई असतात.

पेपरातलं कात्रण म्हणजे तहसीलमध्ये पुरावा असं समजू नका. ते फक्त बोट दाखवतं. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, मृत्यूचा दाखला, तलाठ्याचा पंचनामा हे सगळं लागतंच. पण कोणाचा मृत्यूचा दाखला मागायचा हे त्या दोन बोटांच्या चौकटीनं सांगितलं. सरस्वतीबाईंच्या नावानं परतूरला अर्ज केला आणि दाखला मिळाला, 1986 चा. नातू जालन्यात असतात, मोंढ्यातच दुकान आहे. मी फोनवर ‘तुमच्या आजीचं माहेर अंबाजोगाईकडचं का’ एवढंच विचारलं. ते म्हणाले, “तुम्ही आत्ता फोन करायलात होय?” मग आम्ही बोलत राहिलो. त्यांच्या घरी ते प्रगटन कापून देवघराच्या कपाटात ठेवलेलं आहे, वकिलाच्या पावतीसकट. वारसांच्या नोंदीसाठी त्यांच्या आणि आमच्या दोघांच्या सह्यांचा अर्ज तलाठी कार्यालयात दिला आहे. चुलत्यांनीही सही केली. त्यांनी काही कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

नक्कल हवी असेल तर ग्रंथपाल मॅडमना अर्जात वृत्तपत्राचं नाव, तारीख आणि पान क्रमांक लिहून द्या. त्या स्वतः फोटो काढून, छापून, खाली वाचनालयाचा शिक्का आणि सही करून देतात, पन्नास रुपये घेतात आणि पावती देतात. तलाठ्यानं ती नक्कल अर्जासोबत लावून घेतली, कुरकुर केली नाही. जायचं तर दिवाळीनंतर जा. पावसाळ्यात दमट हवेमुळे ती खोली बंदच ठेवतात, आणि सोमवारी वाचनालयाला सुट्टी असते.